दार आलं की सांग

नवऱ्यानं बायकोकडे बघितलं नाही, यात बातमी होण्यासारखं काही नसतं. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर कोण कुणाकडे बघत बसतं? पण नजीरनं बघितलं होतं, तिथंच सगळी गोम होती. पुसदच्या भाजीबाजाराच्या तोंडाशी, सकाळी साडेदहाच्या स्वच्छ उन्हात, शहनाज कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन उभी होती आणि समोरून तिचा नवरा येत होता. चार हातांवर आल्यावर तिनं हात वर केला, जुड्यांसकट. त्यानं सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं. ओळखीचं काहीच त्याच्या चेहऱ्यावर हललं नाही. मग तो बाजूनं निघून गेला. मध्ये आलेली केळीची हातगाडी त्यानं नीट चुकवली, रस्त्यात बसलेल्या गाईला वळसा घातला आणि पलीकडच्या गल्लीत दिसेनासा झाला. भाजीवाली विचारत होती, बाई, मेथी देऊ काय. शहनाजनं मेथीही घेतली. हाक मात्र मारली नाही. ज्यानं बघून न बघितल्यासारखं केलं, त्याला भर बाजारात हाक मारणारी बाई कशी दिसते, ते तिला स्वतःला दाखवायचं नव्हतं.

संध्याकाळी रोट्या लाटताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की आज बाजाराकडे आला होता का. तो म्हणाला, बाजाराकडे कशाला, सकाळपासून धरणावरच होतो, इंजिनाचा पट्टा तुटला होता. हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की तिचा हात लाटण्यावर थांबला. तिनं मान वर करून बघितलं तर तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या कानाच्या बाजूला, मागच्या फडताळातल्या बरण्यांकडे कुठंतरी त्याची नजर होती. खोटं बोलणारा माणूस डोळ्याला डोळा देत नाही, हे शहनाजला कुणी शिकवायची गरज नव्हती. ते शिक्षण तिचं लहानपणीच यवतमाळात पूर्ण झालं होतं.

तिचे अब्बा शिंपी होते. दर गुरुवारी ते दारव्ह्याला जायचे, कापडाच्या कामाला. कापड कधी येताना दिसलं नाही. अब्बा शुक्रवारी सकाळी परत यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला त्यांच्या घरातल्या नसलेल्या साबणाचा वास यायचा, आणि अम्मी तो सदरा काही न बोलता भिजत घालायची. वीस वर्षं तिनं तो सदरा भिजत घातला. एकदा, शहनाज सोळा-सतराची असेल, तिनं अम्मीला विचारलंच, की तू त्यांना विचारत का नाहीस. अम्मी म्हणाली, "विचारलं की उत्तर येतं, बेटी." एवढंच. अब्बा गेले तेव्हा मय्यतीला दारव्ह्याहून एक बाई आली होती, मागच्या बाजूला बसली आणि न रडता निघून गेली. अम्मीनं तिला पाणी विचारलं होतं. शहनाजला त्या पाण्याचा इतका राग आला होता की तो अजूनही उतरला नव्हता. आपण अम्मीसारखं होणार नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं, आणि आता चौपन्नाव्या वर्षी नवरा कानाजवळून बरण्यांकडे बघत होता आणि ती गुपचूप रोट्या लाटत होती.

एकदा मनात पाल चुकचुकली की मग घरातली प्रत्येक वस्तू साक्ष द्यायला पुढं येते. नजीर पंचवीस वर्षं ट्रकची इंजिनं खोलत होता. सात वर्षांपूर्वी मच्छीमारांच्या सोसायटीनं धरणात फिरवायला लोखंडी बोट आणली आणि तिचं इंजिन कुणालाच ऐकेना, तेव्हा त्याला बोलावलं. तो इंजिन दुरुस्त करायला गेला आणि बोट चालवायलाच राहिला. त्याचं गाव त्या पाण्याखाली होतं. तेरा वर्षांचा असताना सामान बैलगाडीत घालून त्यांनी ते सोडलं होतं. धरणावरून घरी येताना तो मासा आणायचा आणि काटे काढून शहनाजच्या ताटात ठेवायचा, कारण तिला, यवतमाळच्या पोरीला, एकतीस वर्षांतही मासा नीट खाता आला नव्हता. थंडीपासून त्यानं मासा आणणं बंद केलं. मन उडालं म्हणाला. ज्याचं मन माशावरून उडतं त्याला कुठंतरी कुणीतरी मासा खाऊ घालत असतं, असं शहनाजनं मनात नोंदवलं. मग मोटरसायकल. वीस वर्षं जिच्यावरून उतरला नाही ती त्यानं पुतण्याला देऊन टाकली आणि काळीपिवळी जीपनं जायला लागला. पाठ दुखते म्हणाला. मोटरसायकल कुणाच्या दारापुढं उभी आहे ते अख्खा गाव ओळखतो, काळीपिवळीतून उतरलेला माणूस कुठं गेला ते कुणाला कळतं? आणि वरताण म्हणजे फोन. पूर्वी तो आलेले निरोप वाचायचा. आता फोन कानाला लावून घराबाहेर, नळाजवळ उभं राहून ऐकायचा. एकदा तिनं खिडकीआडून ऐकलं. बाईचा आवाज होता, तरुण, घाईचा: "भाऊ, उद्या लौकर या. पाणी लय उतरलं. मी पुढंच बसतो, काळजी करू नका."

ही दीपा. उकंडा भोयाची पोरगी. ढाणकीला दिली होती, तिथं पटलं नाही म्हणून चार वर्षांपूर्वी बापाकडे परत आली आणि बोटीवर तिकिटं फाडायला लागली. शहनाजनं तिला एकदाच बघितलं होतं, मुलीच्या, आरजूच्या लग्नात. सावळी, उंच, हातावर जाळ्याच्या दोरीचे वळ. तेव्हा शहनाजनंच तिच्या ताटात आग्रहानं दुसऱ्यांदा बिर्याणी वाढली होती. ती बिर्याणी आता तिला आठवायची आणि अम्मीनं विचारलेलं पाणी आठवायचं. भाऊ म्हणते म्हणून काय झालं? तोंडानं भाऊ म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं!

वैशाखात एका रविवारी बुडालेल्या गावची माणसं धरणावर जमत. कुणी महागावहून, कुणी फुलसावंगीहून, कुणी उमरखेडहून. मुसलमान, बौद्ध, भोई, कुणबी, ज्याला गाव होतं तो प्रत्येक जण. पाणी खाली गेलेलं असे, टेकड्यांची डोकी बेटांसारखी वर आलेली असत, आणि बोट त्या बेटांमधून जुन्या गावावरून जाऊन पीरटेकडीच्या मागच्या खोबणीत लंगर टाकत असे. तिथं डबे सोडायचे, पीराला चादर घालायची, उन्हं कलली की परत. नजीर दर वर्षी जाई. शहनाज कधी गेली नव्हती. ते गाव तिनं बघितलंच नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा त्याच्यावर दहा वर्षांचं पाणी होतं. या वर्षी तिनं आदल्या दिवशीच सांगितलं, मी येणार. नजीर म्हणाला, तुला पाण्यात चक्कर येते. ती म्हणाली, मग चक्कर येऊ द्या. तो हसला, बरण्यांकडे बघून.

सकाळी नऊला बोट निघाली. चौदा माणसं, बहुतेक म्हातारी, नारंगी जाकिटांत कोंबलेली. शहनाज मागं इंजिनाजवळ, नवऱ्यापासून हातभर अंतरावर बसली, म्हणजे काहीही तिच्या नजरेतून सुटायला नको. दीपा अगदी पुढं, बोटीच्या नाकावर, पाय खाली सोडून बसली होती. आल्या आल्या तिनं शहनाजला "सलाम, भाभी" केलं होतं, डोळ्याला डोळा देऊन. हे शहनाजला मुळीच आवडलं नाही. जी बाई असल्या वेळी डोळ्याला डोळा देते, तिचं शिक्षण आपल्यापेक्षा पुढं गेलेलं असावं, असं तिला वाटलं.

धरणाची भिंत मागं पडली आणि पाणी मोठं झालं. समुद्र शहनाजनं एकदाच बघितला होता, हाजी अलीला, गर्दीच्या डोक्यांवरून. त्याची आठवण पाण्यापेक्षा माणसांचीच होती. इथं माणूस नव्हता. म्हसोबाची टेकडी उजवीकडून गेली, तिच्यावर सागाची निष्पर्ण झाडं आणि दगडावर पंख पसरून वाळत बसलेले पाणकावळे. मग बकरटेकडी, तिच्यावर खरंच दोन बकऱ्या, त्या तिथं कशा आल्या आणि काय खात असतील देव जाणे. पाण्याची जुनी रेघ प्रत्येक बेटाच्या कमरेभोवती पांढरी दिसत होती. ऊन पाण्यावर आपटून खालून तोंडावर येत होतं. या सगळ्यात एक आवाज सतत चालू होता, तो दीपाचा. ती बोलत होती, लोकांना दाखवत होती, थांबत नव्हती. आता डाव्या हाताले शाळेचा माळ आला पाहा. आता सरळ, बैलबाजार. आता जरासं उजवीकडं, चिंच आहे तिथं, बुडापासून उभी आहे अजून. म्हाताऱ्या माना हलवत. भोयांना पाण्याखालचं गाव आपल्या हातासारखं पाठ होतं. कुणाच्या ओट्यावर जाळं अडकतं, कुठल्या विहिरीत मोठा मासा राहतो, हे उकंडानं पोरीला शिकवलं होतं, आणि दीपा, जी गाव बुडाल्यावर जन्मली, ती त्या गल्ल्या जन्म काढल्यासारख्या सांगत होती. नजीरच्या चेहऱ्याकडे शहनाजचं लक्ष होतं. तो पुढं बघत नव्हता. मान थोडी वाकडी करून, कान दीपाकडे लावून, तो ऐकत होता. तिचं प्रत्येक वाक्य ऐकून त्याच्या ओठांच्या कडा सैल होत होत्या. असा तो आपलं शेवटचं कधी ऐकत बसला होता, हे शहनाजला आठवेना.

मग गाव आलं. म्हणजे पाणीच, दोन बेटांमधली एक अरुंद खाडी, पण बोटीतली माणसं सावरून बसली. नजीरनं इंजिन हळू केलं. रीत अशी होती, की बोट बरोबर गल्लीवरून न्यायची, आणि ज्याचं दार येईल त्यानं पायातलं काढायचं. देवळापुढं काढतात तसं. दीपानं म्हटलं, "सदाशिवराव, तुमचं दार," आणि पुढच्या फळीवर बसलेल्या एका टकल्या म्हाताऱ्यानं मुकाट्यानं बूट काढून मांडीवर घेतले. बोट पाच-दहा हात पुढं गेली, त्यानं ते परत घातले.  शहनाजच्या शेजारी बसलेली रुखमाबाई, ऐंशीला आलेली, आताच स्लिपरीच्या पट्ट्यांतून अंगठे मोकळे करून बसली होती. तिचं दार बौद्धवाड्याच्या तोंडाशी होतं, पिंपळानंतर तिसरं. शहनाजला त्या सगळ्यांचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून राग आला. या पाण्यात तिचं एकही दार नव्हतं. नवऱ्याचं होतं, आणि ते दार आलं की सांगणारी बाई बोटीच्या नाकावर बसली होती.

तेवढ्यात तिनं ते बघितलं. नजीरनं दोनदा खाकरल्यासारखं केलं. दीपानं मागं न बघता दोन बोटं वर केली आणि आवाज चढवून म्हटलं, आता बाभळी येतीन, सांभाळून. खाकरणं आणि बोटं. ही खूण होती. पक्की, घासून गुळगुळीत झालेली, रोजच्या वापरातली खूण, आणि ती चौदा माणसांच्या आणि बायकोच्या देखत चालली होती.  अम्मीनं वीस वर्षं सदरा भिजत घातला. आपण नाही घालणार.

तिनं कपाळाला हात लावला आणि हाक मारली. "दीपा, इकडं ये माह्याजवळ. माह्यं डोकं गरगरून राह्यलं."

दीपा वळली. आधी तिनं नजीरकडे बघितलं, शहनाजकडे नाही. "भाभी, दोन मिनिटं. एवढी गल्ली निघू द्या."

"आत्ता ये."

 नजीरनं बोलावं, तिला अडवावं, म्हणजे सगळं बाहेर पडेल, अशी शहनाजची इच्छा होती. पण त्याचा हात फक्त इंजिनाच्या दांड्यावर घट्ट झाला. दीपा लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत मागं आली. शहनाजनं तिचं मनगट धरलं, चांगलं कचकन धरलं, आणि आपल्या शेजारी खाली बसवलं. ते वळांचं, खडबडीत मनगट थरथरत होतं. चोराच्या मनात चांदणं, शहनाजनं मनात म्हटलं, आणि क्षणभर तिला फार बरं वाटलं.

दीपाचा आवाज थांबला होता. इंजिन तेवढं टकटकत होतं. मग रुखमाबाई, जिनं अनवाणी पाय फळीवर टेकवले होते, इकडंतिकडं बघत म्हणाली, "नजीर, पिंपळ तं मागं राह्यला. माह्यं दार गेलं काय रे बापा?"

नजीरनं मान झटक्यानं एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. समोर, पंधरा हातांवर, पाण्याबाहेर कमरेएवढं आलेलं बाभळीचं खोड होतं, काळं, माणसाच्या मांडीएवढं जाड, त्याच्यावर एक पाणकावळा बसलेला. शहनाजला ते स्पष्ट दिसलं. रुखमाबाईलाही दिसलं असावं, कारण तिनं दोन्ही हातांनी फळी धरली. नजीरचं तोंड बरोबर त्याच्याकडे होतं आणि तो त्याच्यावर बोट नेत होता. सरळ, नीट, न घाबरता. भाजीबाजारात त्यानं असंच बघितलं होतं. अगदी असंच.

"भाऊ, डावीकडं! पुरा डावीकडं!" दीपा ओरडली आणि शहनाजच्या हातातून सुटली.

पाणकावळा उडाला. बोटीची कूस खोडावरून करकरत गेली, सगळी माणसं एका बाजूला कलंडली, पाण्याचा एक लोट आत आला, कुणाचा तरी डबा पडून फोडणीचा भात सांडला. मग बोट सरळ झाली. सदाशिवराव दोन वेळा म्हणाले, काही नाही झालं, काही नाही झालं. पत्र्याला पोचा पडला होता, पण तो फाटला नव्हता. दीपा परत नाकावर जाऊन बसली होती आणि चिरक्या आवाजात सांगत होती, आता सरळ, आता जरा उजवीकडं, आता मोकळं आहे. तिला आता कुणाला गाव दाखवायचं नव्हतं. शहनाज मांडीवर सांडलेलं पाणी बघत बसली. पदरानं ते पुसायचंही तिला सुचलं नाही. मासा, मोटरसायकल, फोन, बरण्या. सगळ्या साक्षी तिनं बरोबर गोळा केल्या होत्या, एकही सोडली नव्हती. निकाल तेवढा दुसऱ्याच खटल्याचा देऊन बसली होती.

पीरटेकडीच्या मागं खोबणीत वारा नव्हता. पाणी तिथं हिरवं आणि गप्प होतं, तळाचे दगड दिसत होते. दीपानं लंगर टाकला, फळी लावली, एकेकाला हात देऊन उतरवलं. म्हाताऱ्यांनी झालं गेलं मागं टाकलं होतं. त्यांना बुडायची सवय होती. सगळे चादर आणि डबे घेऊन वर चढले. रुखमाबाई मात्र चढताना दोनदा वळून म्हणाली, की येताना तरी माझं दार दाखवा. बोटीत नजीर आणि शहनाज राहिले. घरात दोघं निम्मं हिंदीत बोलत आणि निम्मं वऱ्हाडीत, पण भांडण कायम वऱ्हाडीत होई, आणि आता शहनाजनं वऱ्हाडीतच विचारलं.

"कधीपासून?"

नजीर इंजिनावरचं तेल फडक्यानं पुसत होता. तिथं तेल नव्हतं. "दिवाळीपासून जास्त झालं. मधातलं गेलं. बाजूबाजूचं राह्यलं. नांदेडले दाखवलं, मंग इथं पुसदले दाखवलं. वापस येत नाही म्हणते."

"बाजारात माह्या तोंडाकडं पाह्यलं तुम्ही."

"तू होती काय तिथं?" त्यानं फडकं खाली ठेवलं.  "डोळ्याच्या दवाखान्यात चाललो होतो त्या दिवशी. तुह्याकडं सरळ पाह्यलं का तुह्यं तोंड जाते, शहनाज. बाजूले पाह्यलं का येते, जरासं."

तिला फडताळातल्या बरण्या आठवल्या. थंडीपासून रोज, जेवताना, निजताना, त्या बरण्यांकडे बघणारा नवरा. चार महिने तो तिलाच बघत होता. हे कळल्यावर तिला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो राग, आणि तो साधासुधा नव्हता. चौदा माणसं होती बोटीत. तिनं ते म्हटलंही, नेहमीसारखी मुलाच्या नावानं हाक मारून. चौदा माणसं, सादचे अब्बा, ज्यांचं घर एकदा पाण्यात गेलं आहे अशी, आणि तुम्ही त्यांना आंधळ्यानं न्यावं तसं नेत होता. तो म्हणाला, की गाव त्याला पाठ आहे, डोळे बांधले तरी चुकणार नाही. काठ, बेटं बाजूनं दिसतात. फक्त खोडं तेवढी मधात येतात, ती दीपा सांगते. बोट सोडली तर तो काय करणार, घरात बसून भिंती चाचपत? हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं, पाठ केल्यासारखं. शहनाजला कळलं, की हे तो मनातल्या मनात तिला कितीदा तरी सांगून बसला आहे.

"तिले सांगतलं. मले नाही सांगतलं," ती म्हणाली.

"तिले म्या सांगतलं नाही. मी मासा खात होतो, अन् काटा घशात गेला. तिनं विचारलं, भाऊ, तुमाले दिसत नाही काय? विचारलं म्हणून सांगतलं."

वरून, टेकडीवरून, कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. विचारलं की उत्तर येतं. अम्मीनं ते भीतीनं म्हटलं होतं, आणि शहनाजनं आयुष्यभर ते शहाणपण म्हणून जपलं होतं. ज्या घरात दोन लेकरं वाढली, एक पुण्याला गेलं, एकीचं लग्न झालं, त्या घरात सहा महिने एक माणूस हळूहळू आंधळा होत होता आणि बायको खिडकीआडून ऐकत होती. कुठल्या दारापुढं मोटरसायकल उभी असते याचा तिनं विचार केला, पण मोटरसायकल का सुटली हे विचारलं नाही. परक्या पोरीनं एका काट्यावरून विचारलं. शहनाजला दीपाचा हेवा वाटायचा थांबला नाही. उलट आता जास्त वाटला, आणि हा हेवा कुठं भिजत घालता येण्यासारखा नव्हता.

तिनं हात पुढं केला. "चाबी द्या."

"मंग वापस कोन नेईन?"

"दीपा. येते तिले?"

"येते," तो म्हणाला. "माह्यापेक्षा चांगली." मग, "लोकं विचारतीन."

"विचारू द्या. विचारलं का सांगा."

त्यानं इंजिनातून किल्ली काढली. तिची लाल दोरी त्यानं बोटांभोवती एकदा गुंडाळली, परत सोडली. मग हात लांब केला. किल्ली तिच्या तळहाताच्या चार बोटं बाजूला, हवेत येऊन थांबली. तो ती सोडणार होता. खाली पाणी होतं. शहनाजनं आपला हात सरकवून किल्लीखाली नेला.

परत निघताना दीपा इंजिनाजवळ बसली. शहनाजनं तिला किल्ली देताना तिच्या मनगटाकडे बघितलं. तिथं शहनाजच्या नखांच्या चार खुणा अजून लाल होत्या. दीपानं बाही खाली ओढली. लोकांना नजीरनं स्वतःच सांगितलं, सगळे जागेवर बसल्यावर, उभं राहून, थोडक्यात.  सदाशिवरावांनी सरकून त्याला मधल्या फळीवर जागा करून दिली आणि विड्याचं पान पुढं केलं. पान कुठं आहे हे शोधायला त्याचा हात जरा चुकला, तेव्हा सगळे जण पाण्याकडे बघू लागले. शहनाज नवऱ्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

उन्हं कलली होती. बेटांच्या सावल्या पाण्यावर लांब पडल्या होत्या आणि खाडी सकाळपेक्षा अरुंद वाटत होती. दीपा बोट हळू, अगदी पायी चालल्यासारखी चालवत होती. बाभूळ आली आणि गेली. तिच्यावर पत्र्याचा नारंगी रंग घासून लागला होता. रुखमाबाईचं दार आलं. म्हातारीनं स्लिपर काढली, एक पाय उचलून हवेत धरला, उंबरा ओलांडल्यासारखा, आणि परत टेकवला. मग दीपा मागून म्हणाली, "नजीरभाऊ, तुमचं दार."

त्यानं चपला काढल्या. शहनाजनंही काढल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि हे दार तिनं कधी बघितलं नव्हतं. फळी तापलेली होती, तळव्यांना चटका बसला. तिनं मान वर केली. नजीर तिच्या कानाच्या बाजूला, मागं कुठंतरी, बकरटेकडीच्या अंगाला बघत होता, एकटक, बराच वेळ. त्याला नीट दिसावं म्हणून ती हलली नाही.